लेखकाच्या खर्चाने, लेखकाच्या भाषेत: कादंबरीचं संपादन हाती घेणाऱ्या नवख्यांसाठी

"शुद्धलेखन तेवढं पाहून द्या." या कामात उतरणाऱ्याने हे वाक्य पाठच करून ठेवावं. स्वतःचं पुस्तक स्वतःच्या पैशाने छापणारा जवळजवळ प्रत्येक लेखक इथूनच सुरुवात करतो. माझ्याकडे काटोलचे एक काका आले होते. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. कापडी पिशवीत स्पायरल केलेली ३१२ पानं आणि दुसऱ्या पिशवीत संत्री. चहाचा कप हातात घेत म्हणाले, "कथा पक्की आहे मॅडम, त्यात माह्यं काही म्हणणं नाही. फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहून द्या." तिसऱ्या प्रकरणात वारलेला मामा सतराव्या प्रकरणात लग्नाच्या पंगतीत बसून बुंदी मागत होता.

नागपुरात किंवा अशाच एखाद्या गावात बसून कथा-कादंबऱ्यांचं संपादन करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी अकरा वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधनाच्या, म्हणजे छापण्याआधी चुका तपासण्याच्या, टेबलावर काढली. त्यानंतर प्रतापनगरातल्या घरातूनच हे काम करते. प्रकाशनसंस्थांची कामंही केली आहेत, अजून करते. पण पसंती विचाराल तर स्वतः छापणाऱ्या लेखकांना. संस्थेच्या कामात तुमची शंका आधी संस्थेकडे जाते, तिथून लेखकाकडे, आणि महिन्याभराने निरोप येतो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." इथे फोन थेट ते वाक्य लिहिणाऱ्याला लागतो. तो तेव्हा बँकेच्या रांगेत असेल किंवा शेतात पाणी देत असेल, पण उत्तर त्याचं स्वतःचं असतं.

काम येतं कुठून

नवखे लोक आधी मोठ्या लेखकांना मेल पाठवतात. त्यातून काही निघत नाही. आपल्याकडे स्वतः छापणारा लेखक संपादकाच्या आधी डीटीपीवाल्याकडे जातो. हस्तलिखित टाइप करायला देतो, तिथेच मुखपृष्ठाचं विचारतो, तिथेच प्रेसचा पत्ता घेतो. म्हणून शहरातल्या दोन-चार डीटीपीवाल्यांशी ओळख करून घ्या. त्यांनाही तुम्ही हवे असता, कारण प्रूफ पाहणारं कोणी नसलं की लेखकाची सगळी चिडचिड त्यांच्या वाट्याला येते.

दुसरी जागा साहित्य संस्थांची. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून चालू आहे. सीताबर्डीवरच्या कार्यक्रमांना मागच्या खुर्चीत बसलात तरी पुढच्या वर्षी पुस्तक काढू पाहणारी माणसं तुम्हाला तिथे भेटतील. पहिल्याच भेटीत व्हिजिटिंग कार्ड काढू नका. कविता ऐकून घ्या.

आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. विकायला नाही, पाहायला. त्या दिवसांत तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, गावोगावहून आलेली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात आणि कितीतरी लेखक आपलं पुस्तक घेऊन स्वतः उभे असतात. वाचक पुस्तक कसं उचलतो ते तिथे दिसतं. त्याचं पुढे सांगते.

आधी दहा पानं, तीही मधली

कोणतंही काम घेण्याआधी पूर्ण फाइल मागवा आणि त्यातली मधली दहा पानं संपादित करून लेखकाला परत द्या. पहिली दहा नकोत. पहिलं प्रकरण लेखकाने पंचवीस वेळा घासलेलं असतं, मित्रांना दाखवलेलं असतं. त्याचा खरा हात शंभराव्या पानावर कळतो.

या दहा पानांना मी पैसे घेत नाही. त्यात दोन गोष्टी होतात. लेखकाला तुमची दुरुस्ती सोसते का हे कळतं, आणि घड्याळ लावून बसलात तर तुमचा वेग कळतो. भाषेचं बारीक काम करताना माझा वेग तासाला हजार-बाराशे शब्दांच्या वर जात नाही. म्हणजे ६०,००० शब्दांच्या कादंबरीला ५० ते ६० तास. त्यात दुसऱ्या फेरीचे पंधरा आणि फोनवरचे दहा धरा. फोनचे तास धरायला सगळे विसरतात. आपला एक तास केवढ्याचा हे आधी मनाशी ठरवा, एकूण तासांना गुणा आणि शब्दसंख्येने भागा. जो आकडा येईल तो तुमचा शब्दाचा दर. पानावर दर लावू नका. एकाच्या पानात अडीचशे शब्द असतात, दुसऱ्याच्या पानात चारशे, आणि फॉन्ट लहान करून पानं कमी करणारेही भेटतात.

दहा पानांनंतर कधीकधी नाही म्हणावं लागतं. एका बाईंनी मुदत ठेव मोडून आणलेले पैसे टेबलावर ठेवले होते. कादंबरी अजून व्हायचीच होती. माणसं होती, गाव होतं, पण काही घडत नव्हतं. त्यांचे पैसे घेऊन वेलांट्या सुधारून दिल्या असत्या तर कागदोपत्री माझं काही चुकलं नसतं. मी त्यांना दोन पानांचं पत्र लिहून दिलं आणि वाचनाची आवड असलेल्या तीन माणसांना हस्तलिखित वाचायला द्या म्हटलं. त्या सव्वा वर्षाने परत आल्या. सगळेच येतात असं नाही.

काय करणार ते कागदावर

"संपादन" या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं कथेचं: प्रसंगांचा क्रम, कोण कशाला येतो, मेलेला मामा. दुसरं भाषेचं: वाक्य, शब्द, संवाद. तिसरं मुद्रितशोधन, म्हणजे पानं लागल्यावरची प्रुफं. लेखकाला तिन्ही एकच वाटतात आणि डीटीपीवाल्याला फक्त तिसरं माहीत असतं. यातलं काय करणार, किती फेऱ्या करणार, कोणत्या तारखेला देणार आणि पैसे किती हप्त्यांत, हे एका पानावर साध्या मराठीत लिहा, दोघांनी सही करा. व्हॉट्सॲपवरचं "हो हो, होऊन जाईल" सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

त्याच पानावर आणखी एक ओळ टाकते: मजकुराचा संपूर्ण कॉपीराइट लेखकाचा, माझ्या दुरुस्त्यांसकट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. काकांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच हिशेब केला, "म्हणजे नातीच्या म्हातारपणापर्यंत." त्या दिवसापासून ते फाइलची कॉपी तीन पेन ड्राइव्हवर ठेवतात.

हप्ते मी तीन घेते: सुरुवातीला, पहिली फेरी परत देताना आणि शेवटची फाइल देण्याआधी. जीएसटीची काळजी नवख्याला नसते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि या धंद्यात तिथे पोचलात तर पेढे घेऊन या.

पहिलं वाचन पेन न घेता

पहिल्यांदा कादंबरी सलग वाचा. खुणा करायच्या नाहीत. मोह होतो, "आणी" दिसलं की हात शिवशिवतो. तरी नाही. वाचक म्हणून कुठे गुंतलात, कुठे मोबाइल उचलला, एवढंच लक्षात ठेवा. मी उन्हाळ्यात कूलरसमोर बसून दोन दुपारींत एक कादंबरी वाचते आणि पान कितीवर डुलकी लागली ते मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवते. नागपूरच्या मे महिन्यात डुलकीचा सगळा दोष लेखकावर टाकता येत नाही, म्हणून संशयित पानं सकाळी पुन्हा वाचते.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. वहीत प्रत्येक पात्राचं एक पान: नाव, वय, कोणत्या साली किती वर्षांचं, डोळे-केस, कोण कोणाला काय म्हणतं. सासू सुनेला नावाने हाक मारते की "अवं" म्हणते, हे बाराव्या प्रकरणात बदललं तर वाचकाला कारण न कळता खटकतं. शेवटच्या पानांवर लेखनाचे निर्णय: निवेदनात "केलं" की "केले", अंक आकड्यात की अक्षरात, "ऑफीस" की "ऑफिस". मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ ला जोडलेले चार, टेबलावर हवेतच. ते अठरा नियम एका बैठकीत वाचून होतात. तरीही कितीतरी लोक ते न वाचता आयुष्यभर "प्रमाण" या शब्दाने लेखकांना घाबरवतात.

बोली: इथे हात आखडता

मी सर्वांत जास्त चुका इथे केल्या आहेत, म्हणून इथे सर्वांत जास्त लिहिणार.

काकांच्या कादंबरीत गणपत नावाचा एक गडी होता. तो एका ठिकाणी म्हणतो: "अबे, कायले डोकं खाऊन राहिला? चूप बस न." दैनिकातल्या सवयीने मी ते असं केलं: "अरे, कशाला डोकं खातोयस? गप्प बस ना." फाइल गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "मॅडम, आमचा गणपत सायकलवर काटोलच्या बाहेर गेला नाही, अन् तुम्ही त्याले सदाशिव पेठेत नेऊन बसवलं." मी त्या दिवशी बारा प्रकरणांतल्या माझ्याच दुरुस्त्या एकेक करून मागे घेतल्या. त्या वेळचे पैसे अर्थात मागितले नाहीत.

मी नागपूरची. घरात मीही "कायले" म्हणते. तरी हातात लाल पेन आलं की जीभ बदलते, हे त्या सकाळी कळलं. एखाद्या संस्थेचं काम असतं तर तो गणपत तसाच छापला गेला असता, कारण माझ्यावर कोणी सकाळी सातला ओरडलं नसतं. शिवाय पात्राच्या तोंडचा मजकूर त्याच्या बोलण्याप्रमाणे लिहायला महामंडळाच्या नियमांतच मोकळीक आहे. नियम पाळायचेच तर हाही पाळावा.

आता पद्धत. बोलीतला शब्द दिसला की बदलू नका, वहीत उतरवा. दोन रकाने करा: पात्र, आणि ते कसं बोलतं. आपल्याकडे कोणती रूपं येतील याचा अंदाज ठेवा. "-ला" च्या जागी "-ले": मले, तुले, घरले. "तो जातो" च्या जागी "तो जाते". प्रमाण मराठीची सवय असलेला माणूस तिथे लिंगाची चूक म्हणून खूण करतो, ती चूक नाही. वऱ्हाडीत "ळ" चा "य": डोया, काया, शाया. आणि "राहणे" ची सगळी भानगड, तिच्याकडे येतेच.

मग पाहा की एकच पात्र दोन तऱ्हांनी बोलतं का. काकांच्या कादंबरीतल्या पोराच्या तोंडी कुठे "शाया" होतं, कुठे "शाळा". मला वाटलं टायपिंगची गडबड. बदलण्याऐवजी कॉमेंट टाकली: "इथे शाळा, पान ४१ वर शाया. मुद्दाम आहे का?" उत्तर आलं, "मास्तरापुढे तो ळ लावते. घरी नाही लावत." पुन्हा जाऊन पाहिलं तर अकराच्या अकरा जागी तसंच होतं. आयुष्यात पहिली कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने, कुठेही न सांगता, त्या पोराची सगळी भीती एका अक्षरात ठेवली होती आणि मी ती "सुसंगत" करायला निघाले होते.

म्हणून दुरुस्तीपेक्षा प्रश्न विचारायला शिका. प्रश्नही असा हवा की लेखकाला उत्तर देता येईल. "हे बरोबर वाटत नाही" हा प्रश्न नाही. "भाषा सुधारावी" हा तर अपमान आहे. "इथे गणपत रागावला आहे की थट्टा करतो आहे?" याला उत्तर देता येतं आणि बहुतेक वेळा उत्तर देतादेता लेखक वाक्य स्वतःच बदलतो. ते तुमच्या वाक्यापेक्षा बरं असतं.

निवेदनात मात्र वेगळा पेच येतो. संवादाबाहेर लेखक प्रमाण मराठी लिहायला जातो आणि मधेच बोली डोकावते. "काय करून राहिला?" म्हणजे नागपुरात "काय करतो आहेस?" हे सगळ्यांना माहीत आहे. पण काकांच्या चौदाव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं: "पोरगं शाळेत गेलं. माय झोपून राहिली." नागपूरचा वाचक वाचेल, माय झोपलेली आहे. पुण्या-साताऱ्याचा वाचेल, माय उठलीच नाही. आणि पंधराव्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत अंगणात माणसं जमलेली.

यावर मी अर्धा दिवस घालवला. तीन पर्याय लिहून पाहिले: "माय झोपलेलीच होती", "माय अजून झोपली होती", "माय उठली नाही". तिन्ही साफ होते आणि तिन्हींनी त्या वाक्यातला जीव काढून घेतला होता. शेवटी पर्याय पुसून फक्त विचारलं: "इथे ती झोपलेली आहे, की गेलेली आहे? वाचकाला कोणतं कळायला हवं?" तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आवाज वेगळा होता. "मॅडम, पोराले वाटलं झोपून राहिली. मलेही तसंच वाटलं होतं तवा." मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

ते वाक्य जसंच्या तसं छापलं आहे. माझं त्या पानावरचं काम म्हणजे काहीही न करणं. पण त्याचे तास मी लावले होते आणि काकांनी ते दिले.

साल, पैसा आणि पिन कोड

स्वतः छापणाऱ्या लेखकाच्या मागे तपासनीसांची फौज नसते. जी आहे ती तुम्ही. त्यामुळे गोष्ट जुन्या काळातली असेल तर प्रत्येक सालाशी थांबा. काही ठरलेल्या जागा सांगते, तिथे मला वारंवार चुका सापडल्या आहेत.

१९५५ च्या नागपुरात कोणी मुंबई सरकारच्या नावाने बोटं मोडत असेल तर थांबवा. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ ला आणि महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. त्याच १९५५ मध्ये "पंचवीस पैशांची चिवड्याची पुडी" असेल तर तिथे चार आणे करा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची. १९६५ च्या प्रेमपत्रावर ४४० ने सुरू होणारा पिन कोड असेल तर तो खोडा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात काव्य करणारे मराठी गृहस्थ होते, हे जाताजाता. आणि २०१७ साली वर्धा रोडवर कोणी मेट्रोत बसत असेल तर त्याला ऑटोत बसवा. आपली मेट्रो मार्च २०१९ ला सुरू झाली.

सणांचंही पाहा. मारबत, म्हणजे नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघते. एका कादंबरीत ती बैलांच्या पोळ्याच्या दिवशीच निघाली होती आणि नायक दोन्हीकडे हजर होता. अशी चूक नागपूरबाहेर कोणाला कळणार नाही. इथल्या महाल भागातल्या वाचकाला मात्र पहिल्या ओळीत कळते आणि त्याचा पुढच्या शंभर पानांवरचा विश्वास उडतो.

इथेही सूर प्रश्नाचाच ठेवा. एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने एका लेखिकेला कापसाच्या वेचणीचा महिना "सुधारून" दिला होता. तिने तीस वर्षं कापूस वेचला होता.

फाइलीतले खड्डे

हे कंटाळवाणं आहे, पण सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांत, आणली की "ऱ्य" आणि "ऱ्ह" पहिले मार खातात. "दुसऱ्या" चं "दुसर्या" होतं, "वऱ्हाड" चं "वर्हाड". अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. म्हणून संपादनाला हात लावण्याआधी फाइल बदलून घ्या आणि "र्या", "र्हा" शोधून एकेक पाहा. सरसकट बदलू नका, नाहीतर "सूर्या" चा बळी जाईल.

सरसकट बदलण्यावरून आठवलं. एका लेखकाने शेवटच्या आठवड्यात नायिकेचं नाव "रमा" बदलून "उमा" ठेवायचं ठरवलं आणि स्वतःच सगळीकडे एका फटक्यात बदललं. प्रुफांत "पउमार्थ" आणि "पउमेश्वर" निघाले. दुसरा शब्द तर सुरुवातीला कोणाच्या लक्षातच येईना, कारण लेखकाने "रमे" चं "उमे" ही करून टाकलं होतं, "रमेला" सुधारायला म्हणून. पूर्ण शब्द शोधण्याची सोय मराठीत फारशी कामाला येत नाही, आपले प्रत्यय नावाला चिकटून येतात. नाव बदलायचं असेल तर वेळ काढून एकेक करावं आणि फाइल तोवर एकाच माणसाच्या हातात असावी.

दुरुस्त्या दिसतील अशाच करा. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस, गूगल डॉक्समध्ये सजेस्टिंग. ज्या लेखकाला हे जमत नाही त्याला छापील प्रतीवर लाल पेनाने द्या. काकांना मी तशीच दिली. त्यांनी प्रत्येक लाल खुणेपुढे हिरव्या पेनाने "बरोबर" किंवा "राहू द्या" लिहून आणलं. ३१२ पानं, एकही खूण सुटली नव्हती. कोणत्याही प्रकाशनसंस्थेतून मला इतकं पूर्ण उत्तर आलेलं नाही.

मधली पानं थकतात

दीक्षाभूमीवर काय दिसतं ते सांगायचं राहिलं. वाचक पुस्तक उचलतो, मुखपृष्ठ पाहतो, मागची किंमत पाहतो आणि मग अंगठ्याने कुठेतरी मधे उघडतो. उभ्या उभ्या दोन-चार ओळी वाचतो आणि ठेवतो किंवा घेतो. पहिलं पान कोणी वाचत नाही. आणि संपादक मात्र पहिल्या पन्नास पानांवर सगळी ताकद लावून बसलेला असतो! १२० ते १८० पानांवर तो थकतो, दुपार झालेली असते, "चालतंय" म्हणून पुढे सरकतो. लेखकही तिथेच थकलेला असतो. दोघांचा थकवा एकाच जागी येतो. म्हणून दुसऱ्या फेरीला सुरुवात मी मधून करते, सकाळी, ताज्या डोळ्याने, आणि पहिली प्रकरणं शेवटी पाहते.

छपाईपर्यंत सोबत

तुमचं काम फाइल दिली की संपतं, पण लेखकाच्या ओळखीतला पुस्तकाचा एकुलता जाणकार तुम्हीच असता, त्यामुळे फोन येत राहतात. थोडं माहीत असू द्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो देते आणि स्वतः छापणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. माझ्या एका लेखकाकडून "आयएसबीएन काढून देण्याचे" म्हणून कोणीतरी चांगली रक्कम घेतली होती. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगळे क्रमांक लागतात. पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, तेव्हा तेवढ्या प्रती बाजूला ठेवायला सांगा. बहुतेक लेखकांना हे ऐकून ओझं वाटत नाही, उलट छाती फुगते.

तारखेचं मात्र कडक राहा. सगळ्यांना पुस्तक दसऱ्याआधी हवं असतं आणि सगळे जुलैत येतात. मी आता जुलैत नवं काम घेत नाही.

काकांचं पुस्तक आलं तेव्हा ते स्वतः द्यायला आले, पुन्हा संत्री घेऊन. आतल्या पानावर सही, खाली गावाचं नाव आणि तारीख. आभाराच्या पानावर डीटीपीवाला, प्रेसवाला, जावई आणि शेवटी मी. माझ्या आडनावात दुसरी वेलांटी पहिली झालेली. ते पान त्यांनी प्रेसमध्ये उभ्या उभ्या लिहून दिलं होतं, फाइल माझ्याकडून गेल्यावर. मी काही बोलले नाही, पण त्यांच्या लगेच लक्षात आलं. खिशातून हिरवं पेन काढलं, माझ्या प्रतीतली वेलांटी दुरुस्त केली आणि पुढे "बरोबर" लिहिलं. उरलेल्या ४९९ प्रतींत मी अजून चुकीचीच आहे. तेव्हापासून करारात एक ओळ वाढवली आहे: अर्पणपत्रिका, मनोगत आणि आभार, तिन्ही पानं छपाईआधी मला पाहायला मिळावीत.